सवाईचं बैठकीचं तिकीट: स्वस्त म्हणून घेतलं, आता दुसरं नको

सातारा ते स्वारगेट एसटीचं अर्धं तिकीट, तिथून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानापर्यंत चालत, आणि आत गेल्यावर मांडी घालून जमिनीवर. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, म्हणजे शास्त्रीय संगीताचा डिसेंबरातला महोत्सव, मी असा ऐकते. पॅथॉलॉजी लॅबमधल्या पगारात वर्षाकाठी एवढीच चैन बसते. तिचा हिशेब मी दिवाळीपासून बाजूला काढून ठेवते. मुक्काम आत्याकडे, सहकारनगरला. बायकांना एसटीत निम्मं भाडं 2023 च्या मार्चपासून झालं, तेव्हापासून प्रवासाचा खर्च डोक्यातून गेला आहे.

भारतीय बैठक हा इथला सगळ्यात स्वस्त प्रकार. सगळ्या दिवसांचं तिकीट मिळतं, एका दिवसाचंही मिळतं. ज्यांचं बजेट अगदी तोकडं आहे त्यांनी एकच दिवस निवडावा, त्यात काही कमीपणा नाही. एका दिवसात चार-पाच कलाकार ऐकायला मिळतात: गायन, वादन, कधी जुगलबंदी. एका कलाकाराच्या दोन तासांच्या कार्यक्रमाला नाट्यगृहात जे मोजावं लागतं, ते आठवा आणि मग ठरवा.

दिवस कसा निवडायचा? बहुतेक जण पत्रिकेतलं शेवटचं नाव बघतात. मी पहिलं बघते. दुपारी तीनच्या सुमारास सुरुवात होते, तेव्हा मंडप अर्धा रिकामा असतो, हवी तिथे जागा मिळते आणि बहुतेक वेळा एखादा तरुण गायक जीव ओतून गात असतो. शिवाय ही वेळ भीमपलासची, पटदीपची, मुलतानीची. हे राग एरवी मैफलीत कुठे भेटतात? आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू होतात, म्हणजे दुपारचे राग रेकॉर्डिंगमध्येच ऐकायचे. इथे मुलतानीचा कोमल ऋषभ ऐकत असताना मंडपाच्या कडेने ऊन उतरताना दिसतं, पाठोपाठ कोणी मारवा किंवा पूरिया धनाश्री घेतो आणि दिवे लागतात. ज्यांना ऑफिसमुळे लवकर येता येत नाही त्यांच्यासाठी रविवार आहे. त्या दिवशी सुरुवात आणखी लवकर असते, त्यामुळे भर दुपारच्या सारंग रागाचे प्रकार वाट्याला येऊ शकतात.

रात्रीची बाजू मात्र आता लंगडी आहे. पूर्वी हा महोत्सव रात्र-रात्र चालायचा. आत्या महोत्सवाच्या जुन्या जागेतल्या, रमणबागेतल्या पहाटेच्या गोष्टी सांगते तेव्हा मला तिचा मनापासून हेवा वाटतो. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे आता रात्री दहाला थांबावं लागतं, शनिवारी तेवढी बारापर्यंत मुभा असते. म्हणून एकच दिवस परवडत असेल आणि रात्रीचे राग प्रिय असतील तर डोळे मिटून शनिवार घ्या. मालकंस, दरबारी यांना त्यांची वेळ मिळण्याची शक्यता त्याच दिवशी जास्त.

आता बैठकीबद्दल, कारण खरं सांगायचं ते हेच आहे. मी खुर्चीच्या तिकिटावरही ऐकलं आहे, मैत्रिणीने दिलेल्या. खुर्चीत माणूस आपापला बसतो. बैठकीत शेजारी असतो. एका वर्षी माझ्या बाजूला एक आजोबा होते, गुडघ्यावर ताल धरून. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतला बडा ख्याल, चालला होता आणि मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नव्हती. त्यांनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अगं, बोटांवर मोज, एकताल आहे, बारा मात्रा. किराणा घराण्याचे लोक बडा ख्याल बहुधा यातच गातात." पुढचा अर्धा तास आम्ही दोघं बोटं मोजत होतो. समेवर दोघांची मान एकदम गेली तेव्हा झालेला आनंद मला कुठल्याही क्लासने दिलेला नाही. पुढच्या कलाकाराने झुमरा ताल लावला, तर चौदा मात्रा मी आपणहून ओळखल्या. भीमसेन जोशींनी 1953 साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, तो ऐकणाऱ्यांच्या पिढ्या अशा एकमेकांशेजारी बसूनच तयार झाल्या असणार.

बसायची जागा मधोमध, दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येईल अशी धरा. अगदी कडेला तबला गाण्यावर चढतो. वादकांची बोटं मोठ्या स्क्रीनवर दिसतात, त्यामुळे मागे बसलं तरी फार बिघडत नाही. खाली घ्यायला जाड चादर, पाठ दुखत असेल तर उशी, आणि डिसेंबर आहे हे विसरू नका. आठनंतर जमिनीतून गारवा चढतो, पायमोजे आणि कानटोपी हवीच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र थोडे जास्त पैसे घालून खुर्ची घ्यावी, सहा-सात तास खाली बसणं सोपं नाही. खाण्याचे स्टॉल असतात. मी आत्याकडून थालीपीठ बांधून आणते, बाहेर मोकळ्या जागेत खाते आणि विकत फक्त कॉफी घेते. तिघी-चौघी असाल तर रोजचा खाण्याचा खर्च तिकिटाच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

एक तक्रार श्रोत्यांबद्दल. आलाप चालू असताना फोनवर चित्रण करणारे हात मधेच उभे राहतात आणि मागच्या चार जणांचा रंग उडतो. हे थांबलंच पाहिजे.

ज्यांना तिकीटही जड जातं त्यांनी शिवाजीनगरचं सवाई गंधर्व स्मारक गाठावं. महोत्सवाच्या दिवसांतच तिथे सकाळी 'षड्ज' या कार्यक्रमात संगीतकारांवरचे लघुपट दाखवतात आणि 'अंतरंग' या कार्यक्रमात कलावंतांच्या मुलाखती होतात. प्रवेश सगळ्यांना मोफत. ज्याला संध्याकाळी ऐकायचं त्याच्या गुरूंची तालीम कशी होती, हे सकाळी कळलं तर संध्याकाळचं गाणं वेगळंच उलगडतं. सभागृह मैदानाएवढं नाही, तेव्हा वेळेआधी जा.

तिकिटं ऑनलाइन मिळतात, पुण्यातल्या काही दुकानांतही मिळतात. शनिवार हवा असेल तर कलाकारांची यादी जाहीर झाल्यावर आठवडाभर विचार करत बसू नका.