व्हीनस फ्लायट्रॅप : रत्नागिरीत दोन वर्षं वाढवल्यानंतरचा रिव्ह्यू

किडे खाणारं हे रोप एक नंबर, पण सोबत आलेला माहितीचा कागद सरळ फेकून द्या. ऑनलाइन ६५० रुपयांना मागवलं, चौथ्या दिवशी पोचलं, मुळांना ओलं मॉस गुंडाळलेलं आणि सातातला एकच ट्रॅप, म्हणजे किडा धरून मिटणारं पान, काळा पडलेला, म्हणजे पॅकिंगला पूर्ण मार्क.

कागदावर काय तर महिन्याला शेणखत घाला, रोज माशी भरवा. दोन्ही चूक! हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या पाणथळ जागांतलं, तिथल्या मातीत नायट्रोजन जवळपास नाहीच म्हणून तर ते किडे धरतं, त्याला खत घातलं की मुळं जळतात. मी खत नाही घातलं पण विहिरीचं पाणी घातलं, मार्चमध्ये आमचं पाणी मचूळ होतं, तीन आठवड्यांत पानं कडेने काळी पडायला लागली. मग पाऊस लागेपर्यंत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि जूनमध्ये पागोळ्यांखाली पिंप लावलं, तेच पाणी आता वर्षभर पुरवून वापरते. कोकोपीट आपल्याकडे सहज मिळतं पण त्यात मीठ असतं, पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि परलाइटच (पांढरे हलके खडे) घ्या.

घरात लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा. ट्रॅपच्या प्रत्येक पाकळीवर साधारण तीन केस असतात, वीसेक सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच तो मिटतो, म्हणजे पावसाच्या एका थेंबाने फसत नाही, पण बोटाने फसतो. आणि एक ट्रॅप आयुष्यात मोजक्याच वेळा मिटतो. भाचीने एका दुपारी चार मिटवले, जीव कळवळला.

खरी अडचण थंडीची. याला तीन-चार महिने गारठ्यात झोप, म्हणजे वाढ थांबवून विश्रांती, लागते आणि ती रत्नागिरीत कुठून आणायची? पहिला हिवाळा पडवीतच ठेवलं तर एप्रिलमध्ये पानं एवढीशी आली. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात कुंडीतून काढून, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून, फेब्रुवारी संपेपर्यंत फ्रीजमधल्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. आईने पिशवीवर चिठ्ठी लावली, 'भाजी नाही, चिरू नये'. या वर्षी अकरा ट्रॅप आलेत, चांगले लालबुंद!

रोपाला चार स्टार, कागदाला शून्य. फ्रीजचं जमणार नसेल तर नेपेंथिस घ्या, सुरईसारख्या पिशव्यांचं, बऱ्याच जातींना आपली दमट हवा मानवते आणि झोपही लागत नाही.

पण पैसे घालायच्या आधी ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन या. कातळावर पाणी साचतं तिथे दवबिंदू नावाच्या रोपाची लाल चिकट पानं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं दिसतात, ती पण किडे खाणारीच. सीतेच्या आसवांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात, डोळ्याची पापणी लवायच्या आत पाण्यासकट बारीक जीव ओढून घेतात! उपटून मात्र आणू नका, पाऊस गेला की सुकतात. तिथेच गुडघे टेकून बघा.