हॅरोचं घर लिलावात विकलं: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

लंडनच्या हॅरो भागातलं आमचं घर लिलावात विकून पाच महिने झाले. तिघा मराठी ओळखीच्यांनी फोन करून "कसं केलंत?" विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

घर १९३० च्या दशकातलं, सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी जोडलेली. तिथली जमीन चिकणमातीची. कोरड्या उन्हाळ्यात ती आकसते आणि उथळ पायाची घरं खचतात. आमच्या मागच्या बेडरूमच्या खिडकीशेजारी अशीच एक तिरपी भेग होती. खाली केसासारखी, वर एक पौंडाचं नाणं आत सरकेल एवढी. एजंटकडून दोनदा गिऱ्हाईक आलं आणि दोन्ही वेळा सर्व्हेचा रिपोर्ट बघून बँकेने कर्ज नाकारलं. इंग्लंडमध्ये एक्स्चेंज, म्हणजे सही केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं, त्यामुळे वकिलाचा खर्च मात्र आमच्या माथी. भाडेकरू गेलेले, घर रिकामं, कौन्सिल टॅक्स आणि बँकेचा हप्ता चालूच.

पारंपरिक लिलावात हातोडा पडला की तोच करार. घेणारा तिथेच १० टक्के भरतो आणि बहुधा २८ दिवसांत उरलेली रक्कम देतो. मागे फिरला तर ते १० टक्के गेले. आम्हाला हीच खात्री हवी होती.

पहिला खटका गाइड प्राइसवरून, म्हणजे जाहिरातीत लावायच्या अंदाजे किमतीवरून, उडाला. लिलाव कंपनीचा माणूस ३,५०,००० पौंड लावा म्हणत होता, कमी आकडा बघून लोक येतात म्हणे. आकर्षण खरं आहे, पण रिझर्व्ह, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही तो गुप्त आकडा, गाइडच्या फार तर १० टक्के वर ठेवता येतो. गाइड खाली ओढलं की रिझर्व्हही खाली येतो. आमच्या ह्यांनी दोन दिवस फोनवर घासाघीस केली. शेवटी गाइड ३,९०,००० आणि रिझर्व्ह ४,१०,००० ठरलं.

लीगल पॅक, म्हणजे घेणाऱ्यांना आधी बघायला मिळणारी घराची कागदपत्रं, लवकर तयार करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. टायटल (मालकीचे कागद), कौन्सिलचा सर्च (स्थानिक पालिकेकडची घराबद्दलची माहिती), विम्याचे जुने क्लेम, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा रिपोर्ट, सगळं आम्ही तीन आठवडे आधी टाकलं. भेग लपवली नाही, उलट फोटोही लावले. लिलावात येणारे बिल्डर असली घरं रोज बघतात. त्यांना भेगेची नाही, अर्धवट कागदांची भीती वाटते.

लिलाव ऑनलाइन होता. ३,९०,००० वर बराच वेळ शांतता, माझे हात गार पडलेले. मग दोघांत जुंपली आणि ४,३१,००० ला हातोडा पडला. सव्वीसाव्या दिवशी पैसे वकिलाच्या खात्यात आले.

खर्च: २ टक्के कमिशन ८,६२० पौंड, त्यावर २० टक्के व्हॅट १,७२४, शिवाय लिलावात घर लावायची नोंदणी फी आणि वकील. नोंदणी फी घर विकलं नाही तरी परत मिळत नाही. भेग नसती तर एजंटकडून निदान लाखभर जास्त आले असते, असा माझा अंदाज. म्हणून ज्यांच्या घरावर बँक सहज कर्ज देते त्यांना मी लिलाव सुचवणार नाही, घाई कितीही असो.

घर भाड्याने दिलेलं असेल तर कॅपिटल गेन्स टॅक्सचंही बघा. कर लागत असेल तर व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत माहिती देऊन तो भरावा लागतो. आमचे चाळीस दिवस कागद शोधण्यातच गेले. खरेदीच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या लिलावाआधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.