सीए-१२५ करू की आतून सोनोग्राफी?

मावशीला ओव्हरीचा कॅन्सर निघाला म्हणून बहीण विचारतेय, त्रास काही नाही पण दरवर्षी सीए-१२५ (रक्ताची टेस्ट) करू की टीव्हीएस (योनीतून करतात ती सोनोग्राफी). चेकअप पॅकेजवाले काय म्हणतात ते सोडा.

सोयीला सीए-१२५ बरी, नुसतं रक्त द्यायचं. पण भरवसा कमी, आकडा ३५ च्या वर गेला की धडकी भरते आणि कारण निघतं फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), चालू पाळी, आपल्याकडे तर पोटाचा टीबीसुद्धा, आणि उलट पहिल्या स्टेजला साधारण निम्म्या जणींत तो वाढलेलाच नसतो.

टीव्हीएसला आतून प्रोब घालतात, अवघडल्यासारखं होतं (लघवी तुंबवून बसावं लागत नाही एवढंच सुख). ओव्हरी नीट दिसते, पण गाठ साधी का वाईट हे दरवेळी कळत नाही, मग उगाच ऑपरेशन.

ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांची ट्रायल झाली, २०२१ च्या निकालात दोन्हींपैकी कशानेच मृत्यू कमी झाले नव्हते.

त्यामुळे त्रास नाही, घरात कुणाला नाही, तर दोन्ही नको. पोट सतत फुगतंय, चार घासात भरतंय, सारखी लघवी होतेय तर गायनॅककडे जा, तिथे दोन्ही कामाच्या. घरात ओव्हरी किंवा ब्रेस्टचा कॅन्सर असेल, जसा आमच्या मावशीला, तर आधी जेनेटिक काउन्सेलिंग आणि बीआरसीए टेस्ट (या कॅन्सरचा धोका वाढवणारा जनुकातला बदल आहे का ते बघणारी), शक्यतो जिला कॅन्सर झालाय तिचीच पहिली.