गालातलं फिलर: दोन सिरिंज, काही महिने, आणि उरलेला पॉइंट सहा

फिलर म्हणजे बसलेला गाल उठवायला सुईनं आत घालतात ते जेल. हायल्युरॉनिक ॲसिड हा त्यातला पदार्थ, व्हॉल्युमा आणि रेस्टिलेन ही त्याच्या ब्रँडची नावं. एवढं सांगून थेट प्रमाणावर येते.

क्लिनिकमध्ये भाव सिरिंजवर सांगतात आणि निर्णयही सिरिंजवरच होतो. ‘एकीनं काही दिसणार नाही, दोन करू.’ एक सिरिंज म्हणजे एक एमएल, चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. एवढ्याशा जेलनं दोन्ही गाल उठतील हे पटत नाही, म्हणून दोन हा आकडा चटकन पटतो. पण गाल काही एमएलच्या पटीत झिजत नाहीत. एका बाजूला ०.६ लागतं, दुसऱ्या बाजूला ०.८, कारण दोन्ही बाजू सारख्या कुणाच्याच नसतात. बेरीज १.४. मग दुसऱ्या सिरिंजमधल्या ०.६ चं काय?

शिंप्याकडे उरलेलं कापड आपण हक्कानं मागून घेतो. इथे २८ हजाराच्या सिरिंजमधलं ०.६ म्हणजे १६,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास वीस हजार. (जीएसटी लागतोच, सौंदर्योपचाराला वैद्यकीय सूट नाही. विमाही नाही.) विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘वाया नाही घालवलं मॅडम, तुमच्याच गालात घातलंय.’ खरी भीती याच वाक्याची आहे.

उरलेल्याचे तीन मार्ग असतात. पहिला, फेकणं. जिवावर येतं, पण तीनही मार्गांत प्रामाणिक तोच. दुसरा, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ‘टचअपला वापरू’ म्हणत फ्रिजमध्ये ठेवणं. पाकिटावर एकदाच वापरण्याची सूचना छापलेली असते. न उघडलेली सिरिंज २५ अंशांपर्यंत सुखानं राहते, तिला थंडीची गरज नाही. प्रश्न जंतूंचा आहे. सुई एकदा कातडीतून गेली की ती सिरिंज निर्जंतुक राहत नाही, आणि जेलबरोबर आत गेलेले जंतू काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, दुखऱ्या गाठी होऊन वर येतात. तिसरा मार्ग, सगळं आत ढकलणं. ते जातं कुठे? हाडावर जागा संपलेली असते, म्हणून गालाच्या पुढच्या भागात, नाहीतर हाडाखालच्या खळग्यात. समोरून फोटो छान येतो. हसल्यावर मात्र गाल वर सरकतात, डोळे बारीक होतात आणि चेहरा उशीसारखा दिसतो. ढकललेलं जेल डोळ्याखाली, वरच्या थरात राहिलं तर सकाळी तिथे सूज दिसते, कारण हे जेल पाणी धरून ठेवतं.

प्रमाण ठरवायची रीत साधी आहे, फक्त वेळ खाते. रुग्ण बसलेला हवा. आडवं झालं की गाल कानाकडे घसरतो आणि खळगे दिसेनासे होतात. उजेड वरून हवा. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून आणि हसताना. मग पेन्सिलीनं दोन रेघा: डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक, नाकपुडीच्या कडेपासून कानाच्या पाळीसमोरच्या उंचवट्यापर्यंत दुसरी. दोन्ही छेदतात तिथे बाहेरच्या-वरच्या चौकोनात गालाचं शिखर यायला हवं. ते किती बसलंय त्यावर आकडा ठरतो.

तिशी-पस्तिशीत, थोडीच उणीव असेल तर एका बाजूला ०.५ ते १ एमएल. वाटणी साधारण अशी: गालाच्या कमानीवर ०.१ ते ०.२, शिखरावर ०.३ ते ०.४, पुढे नाकाच्या बाजूला ०.२ ते ०.३. क्रमही हाच, बाहेरून आत. बाहेरचा आधार मिळाला की डोळ्याखालचा खड्डा आणि नाकाशेजारची घडी थोडी आपसूक हलकी होते, आणि पुढे कमी लागतं. आधी घडी भरणारे इथेच जास्त जेल घालून बसतात. आपल्याकडे बऱ्याच चेहऱ्यांची गालाची हाडं मुळातच रुंद असतात. त्यांना कमानीवर हात आखडताच हवा, नाहीतर चेहरा उठायचा सोडून नुसता पसरतो.

जेल हाडालगत, थोडं थोडं आणि सावकाश सोडायचं. सुई टेकल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघायचं, पण रक्त आलं नाही म्हणजे धोका टळला असं नाही. कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग दिसले, टोचण्याच्या मानानं फारच जास्त कळ आली, किंवा बोटानं दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले, तर जेल रक्तवाहिनीत गेलंय असं धरून लगेच हायल्युरोनिडेज, म्हणजे हे जेल विरघळवणारं औषध, द्यायचं. नजरेत काही फरक पडला तर मिनिटंही मोजकीच असतात. त्याच्या १५०० युनिटच्या व्हायल (कुप्या) क्लिनिकमध्ये किती आहेत, हे आधीच विचारा. अशा वेळी एक पुरेलच असं नाही. ‘एक आहे’ ऐकू आलं की उठा.

काही महिन्यांनंतरची भर: वरचा मजकूर लिहिताना दोन सिरिंज सुचवणारा प्रत्येक जण विक्रेता वाटत होता. आता मत थोडं मवाळ झालंय. व्हॉल्युमाला अमेरिकेत २०१३ मध्ये गालांसाठी मान्यता मिळाली, त्या चाचणीत दोन्ही गाल आणि टचअप मिळून साडेसहा एमएलच्या आसपास जेल लागलं होतं. अर्थात ते लोक बहुतेक पन्नाशीचे, गाल बरेच बसलेले. तेव्हा पन्नाशीपुढे, किंवा वजन झपाट्यानं उतरलेलं असेल, तर दोन सिरिंज ही फक्त सुरुवात ठरते. तेही एका बैठकीत नको.

दुसरं मत निकालाबद्दलचं. पहिले दोन दिवस सूज, म्हणून जास्त वाटतं. सूज ओसरली की ‘गेलं की सगळं’ वाटतं आणि हात फोनकडे जातो. चार आठवडे थांबा. त्याआधी भरलेलं पुढे जास्तीचं निघतं.

उरलेल्या ०.६ वर एक तोडगा आहे. हनुवटी किंचित मागे असेल तर ते त्याच बैठकीत तिथे घालायचं आधीच ठरवून ठेवा. व्हॉल्युमाला अमेरिकेत २०२० पासून हनुवटीसाठीही मान्यता आहे. हनुवटी बरी असेल तर मात्र फेकाच.

‘दरवर्षी दोन सिरिंज’चं पॅकेज घेऊ नका. दोन वर्षांपर्यंत टिकतं असं सांगतात, पण एमआरआयमध्ये काहींच्या गालात त्याहून कितीतरी नंतरही जेल सापडलंय. पुढच्या वेळी पहिल्यापेक्षा कमीच लागायला हवं. त्यासाठी केसपेपरवर बॅच नंबरचं स्टिकर लावून घ्या आणि कोणत्या बिंदूला किती एमएल गेलं ते लिहून घ्या. पावतीवर नुसतं ‘फिलर, २ नग’ असेल तर पुढचा डॉक्टर अंदाजानंच भरणार. थोडं कुरकुरतात, पण लिहून देतात.