हवा मोजायचं यंत्र घेऊन घर शोधलं: वापरानंतरचं मत

यंत्र हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं. ऑनलाइन मागवलं, साडेचार हजारांच्या आत मिळालं. पडद्यावर पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण), पीएम १० (त्याहून जाड धूळही धरून), कार्बन डायऑक्साइड, फॉर्माल्डिहाइड, तापमान आणि आर्द्रता असं सगळं एकदम दिसतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच साच्याची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत आणि मी लिहिते ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

मत आधीच सांगते. एका घरातल्या दोन खोल्या, एका गावातल्या दोन गल्ल्या किंवा एकाच दिवसाची सकाळ आणि दुपार यांची तुलना करायला हे यंत्र पैसे वसूल आहे. पण ते खिशात घालून ‘जालना बरं की लातूर बरं’ याचा निकाल लावायला निघालात, तर ते तुम्हाला गंडवणार.

आता घेतलं कशाला ते. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आता निवृत्त आहे. आमच्या ह्यांची नोकरी जिनिंगमध्ये गेली, रुईच्या धुळीत. दमा तिथलाच की आधीपासूनचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. राहायला आम्ही जालन्यात. थंडी सुरू झाली की ह्यांचा पंप दिवसातून किती वेळा निघतो याच्यावर माझी झोप ठरते. मुलगा म्हणतो पुण्याला या. हे म्हणतात, पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून मी कुणाला रामराम घालू? मग मराठवाड्यातच जागा बदलायची ठरलं. लातूरला दीर, नांदेडला नणंद, अंबाजोगाईला माझं माहेर, आणि छत्रपती संभाजीनगर सगळ्या सोयींचं म्हणून. चारही ठिकाणची माणसं एकच सांगत होती, “आमच्याकडची हवा एकदम छान.”

मोबाइलवर बघून ठरवावं म्हटलं तर तिथंही गोंधळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप खऱ्या मोजणी केंद्रांचे आकडे देतं, पण केंद्र असेल तिथलेच. हवामानाची बाकीची ॲपं मात्र सेलूचा, औशाचा, कुठल्याही गावाचा आकडा दाखवतात. गावात यंत्र नसताना तो आकडा येतो तो उपग्रह आणि संगणकाच्या अंदाजावरून. त्या अंदाजाला तुमच्या गल्लीतली पिठाची गिरणी दिसत नाही.

२०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. हवेचं प्रमाण न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत मराठवाड्यातली तीन आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. नणंदबाई लगेच म्हणाल्या, “बघा वहिनी, नांदेड नाही त्यात.” आता यादीत यायचं तर त्या गावात आधी बरीच वर्षं सलग मोजमाप व्हावं लागतं. यादीत नाव नाही एवढ्यावरून हवा शुद्ध ठरत नाही. बाईंना हे पटलेलं नाही.

यंत्राच्या पोटात एक बारका पंखा, लेझरचा किरण आणि प्रकाश टिपणारा डोळा असतो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात धूळ नाचताना दिसते ना, तेच हे डबीत बसून मोजतं. कणावर आपटून प्रकाश किती विखुरला त्यावरून वजनाचा अंदाज. अंदाज हा शब्द महत्त्वाचा, कारण हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही कणच वाटतात आणि आकडा उगाच चढतो. गोदावरीकाठी पहाटे धुक्यात मोजून नांदेडला नापास करणं म्हणून अन्याय झाला असता. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिसली की मी यंत्र बंद करते. पीएम १० चा आकडा तर मी बघतच नाही. जाड धूळ या स्वस्त सेन्सरला नीट कळत नाही, तो बारीक कणांवरून जाड कणांचा हिशेब मांडतो. खडीच्या क्रशरजवळ मोजायला हे यंत्र घेणार असाल तर घेऊ नका.

वायूंचे आकडे पडदा भरायला आहेत. कार्बन डायऑक्साइड मोकळ्या अंगणात कायम बरोब्बर ४००, आणि कढीला फोडणी दिली की दोन हजार. फोडणीतून एवढा कार्बन डायऑक्साइड येत नसतो. म्हणजे यंत्र तो मोजत नाही, दुसऱ्या कुठल्या वासावरून ठोकून देतं. खरंखुरं मोजणाऱ्या यंत्रात एनडीआयआर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा, सेन्सर असतो, विकत घेताना ती अक्षरं शोधा. फॉर्माल्डिहाइडची गंमत याहून मोठी. सासूबाईंना इन्सुलिन द्यायला मी स्पिरिटचा बोळा काढला की पडदा लाल.

लाल रंगाचंही सांगते, कारण घाबरून फोन करणारे यातच फसतात. यंत्र एक आकडा मायक्रोग्रॅममध्ये देतं, म्हणजे एक घनमीटर हवेत कणांचं वजन किती, आणि दुसरा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, म्हणून. एक्यूआयचा हिशेब प्रत्येक देशाचा वेगळा. आपल्याकडे पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय १००, ‘समाधानकारक’ची शेवटची पायरी. माझ्या यंत्रात अमेरिकेचा हिशेब भरलेला आहे, त्यात तेच ६० दीडशेच्या पुढं जातात. हवा तीच, श्वास तोच, एका ठिकाणी समाधान आणि दुसऱ्या ठिकाणी लाल. म्हणून मायक्रोग्रॅमच बघायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीला १५ ची मर्यादा घातली, आपली ६० ची आहे. वर्षाच्या सरासरीला त्यांची ५, आपली ४०. आणि हे सगळं सरासरीचं. यंत्रावर एका क्षणाला ९० दिसले म्हणून मर्यादा मोडली असं होत नाही. तेवढ्यात दारावरून टमटम गेलेली असते.

यंत्राचा खरा उपयोग झाला तो घरातच, आणि त्याची मी अपेक्षा केली नव्हती. ह्यांच्या खाटेजवळचा आकडा अंगणापेक्षा जास्त निघाला. शोधत गेले तर देवघर. सकाळची उदबत्ती, संध्याकाळचा धूप, रात्री डासांची कॉइल. कॉइल लावली की बंद खोलीत आकडा तीनशेच्या पुढं जाऊन बसतो आणि पहाटेपर्यंत हलत नाही. मच्छरदाणी आणली. धूप अंगणात गेला, त्यावरून सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. धूर बाहेर फेकणारा पंखा स्वयंपाकघरात बसवला. बाकी काही पटो न पटो, दम्याच्या माणसाच्या घरात एवढ्यासाठी तरी हे यंत्र आठवडाभर मागून आणावं.

बाहेर पडल्यावर पहिली शिकवण: एजंट घर दाखवायला दुपारी बोलावतो. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा तापून वर जाते, धूर पांगतो, आणि दुपारी दोनला कुठल्याही गावाची हवा बरीच दिसते. थंडीत सूर्य कलला की उलटं. जमीन लवकर गार होते, तिच्यावरची हवा गार आणि जड, वर ऊबदार हवेचं झाकण. गावाचा सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. लातूरचा एजंट म्हणाला, “ताई, हवा बघायची का घर?” मी म्हटलं, दोन्ही, आणि रात्री नऊला परत येते. रात्री त्याच अंगणात आकडा दुपारच्या तिप्पट. घर बघायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत बघा, सकाळी सातला आणि रात्री नऊला. पावसाळ्यात बघितलेलं घर म्हणजे हवा धुतल्यावर बघितलेलं घर.

जालन्याची हवा बिघडण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. सळया बनवणाऱ्या मिला, भट्ट्या, मालाच्या गाड्या. पण जालन्यातसुद्धा गल्लीगल्लीत फरक इतका, की माझ्या मैत्रिणीच्या घरचा आकडा आमच्या घराच्या निम्मा. लातूरलाही तेच. दिरांचं घर मोठ्या रस्त्याला लागून, पलीकडं डाळ मिल. दोन गल्ल्या आत गेलं की चित्र बदलतं. संभाजीनगरला वाळूजकडं आणि जिथं रस्त्याचं काम चालू होतं तिथं जास्त, दौलताबादच्या बाजूला कमी. म्हणजे प्रश्न कुठल्या गावात राहायचं एवढ्यावर मिटत नाही, चौकापासून किती आत, भट्टीच्या वाऱ्याच्या कुठल्या अंगाला, हे जास्त मोलाचं.

खेड्यात हवा शुद्ध, हा एक गोड समज. माझ्या चुलतभावाच्या शेतातल्या घरी ओसरीवर बसून मोजलं. चुलीवर पऱ्हाटी आणि तुराट्या, शेजारच्या फडात पाचट पेटवलेलं, वर कारखाना सुरू असला की गच्चीवर काजळी. त्या ओसरीवरचा आकडा जालन्याच्या आमच्या ओट्यापेक्षा वर गेला. भाऊ म्हणाला, “तुझं यंत्र खराब हाय.”

अंबाजोगाईबद्दल मला माहेर म्हणून ओढ होती, म्हणून तिथं जरा कडकच वागले. परळीचं औष्णिक वीज केंद्र तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, ईशान्येला. आणि थंडीत आपल्याकडं वारा बहुतेक ईशान्य-पूर्वेकडूनच येतो. म्हणून थंडीतच जाऊन राहिले. बारीक कणांचा आकडा जालन्यापेक्षा स्पष्ट कमी, परळीच्या बाजूनं वारा असतानाही. पण चिमणीतून कणांबरोबर सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही येतात, आणि ते या यंत्राला दिसतच नाहीत. त्याबद्दल ते गप्प आहे म्हणून मीही हवा स्वच्छ असल्याचं प्रशस्तिपत्र देणार नाही. राखेच्या गाड्या जातात तो रस्ता मात्र डोळ्यांनीच कळतो, त्या रस्त्यावरची घरं आम्ही बघितलीसुद्धा नाहीत.

यंत्राला न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गाजर गवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली, आणि आता आपल्याकडं पडीक प्लॉट तिथं गाजर गवत. त्याचे परागकण दम्याला आणि कातडीला त्रास देतात. ते कण जाड, या सेन्सरच्या आवाक्याबाहेरचे. नव्या कॉलनीतला छान हवेशीर प्लॉट बघताना आजूबाजूचे रिकामे प्लॉट बघा. आम्ही एक घर केवळ यासाठी सोडलं, आकडे उत्तम असताना.

शेवटी ह्यांच्या फुफ्फुसांचं ऐकलं. पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी मिळते, जोरात फुंकायची, काटा किती सरकतो ते लिहायचं. माणसाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० म्हणजे जपून, ५० च्या खाली म्हणजे दवाखाना. जिथं मुक्काम केला तिथं रोज सकाळी उठल्यावर, औषध घ्यायच्या आधी, यांना फुंकायला लावलं. धूळमापकापेक्षा ही नळी कितीतरी स्वस्त. घर बदलायचं कारण दमा असेल तर आधी ही घ्या, त्यासाठी डॉक्टरांशी बोला, आणि मग पैसे उरले तर यंत्र.

उन्हाचं आणि पाण्याचं थोडक्यात. नांदेड गोदावरीच्या खोलात, लातूर आणि अंबाजोगाई बालाघाटावर. मे महिन्यात दुपार कुठंच सोसत नाही, पण डोंगरावर रात्र निवते, आणि दम्याच्या, हृदयाच्या माणसाला रात्रीची झोप लागते. परभणीत उन्हाळा कडक आणि थंडीही कडक, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा नीचांक दर हिवाळ्यात पेपरात येतो. गार कोरडी हवा ह्यांना बिलकूल चालत नाही, म्हणून परभणी पहिल्याच दिवशी बाद. पाण्याचं म्हणाल तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ते कोण विसरेल? त्या साली मांजरा धरण कोरडं होतं, आणि त्याच धरणावर अंबाजोगाईही आहे. हवा कितीही चांगली असो, घराला बोअर आहे का आणि तो मेमध्ये चालतो का, हे शेजारच्या बाईला विचारायचं. एजंटला नाही.

आम्ही अंबाजोगाईला घर भाड्यानं घेतलं आहे, मोठ्या रस्त्यापासून आत, मुकुंदराजांच्या समाधीकडच्या अंगाला. वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना गावातच आहे, हे कारण मी हवेच्या आधी धरलं. रात्री अडीचला दम लागला तर पीएम २.५ कमी असल्याचा काय उपयोग, ऑक्सिजन जवळ पाहिजे. विकत घ्यायचं एक हिवाळा आणि एक उन्हाळा काढल्यावर बघू.

यंत्राबद्दल उरलेलं. बॅटरी कंपनी सांगते त्याच्या निम्मी चालते. आपल्या धुळीत पंख्याचं तोंड महिन्याभरात भरतं, मऊ ब्रशनं साफ करावं लागतं, फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. एका ठिकाणी दहा मिनिटं ठेवल्याशिवाय आकड्यावर विश्वास नको. मराठी सोडाच, माहितीपत्रकातली हिंदीही वाचवत नाही. पाचपैकी साडेतीन तारे: चार धुळीसाठी दिले, अर्धा कार्बन डायऑक्साइडच्या थापेसाठी कापला. घरात दमेकरी किंवा तान्हं बाळ असेल आणि घर बघायला हिंडत असाल तर घ्या. नाहीतर कुणाकडून मागून आणा; अंबाजोगाईत कुणाला हवं असेल तर माझं आहे, फक्त उदबत्तीशेजारी ठेवून मला फोन करू नका.