निमो की ऑगी?

कोथरूडची मावसबहीण विचारत होती, लेक दुसरीत गेलीये, गालावर मोठी जन्मखूण, पोरं चिडवतात, तर तिला 'फाइंडिंग निमो' सिनेमा दाखवू का 'वंडर'? अगं, आधी वय बघ ना.

निमो 2003 चा, शंभर मिनिटांचा, त्यातल्या निमो या छोट्या माशाचा उजवा पर बारका, बाबा त्या पराला 'लकी' म्हणतो आणि तो पर शेवटपर्यंत वाढत नाही, हेच मला भारी वाटतं. टाकीतल्या गिल नावाच्या माशाचाही पर फाटकाच. रडू येतं ते सुरुवातीलाच, आई जाते तेव्हा.

वंडरमधला ऑगी दहा वर्षांचा, चेहऱ्यावर 27 ऑपरेशनं, हेल्मेट घालून वावरणारा. जिवलग मित्रच पाठीमागे वाईट बोलतो आणि हा मास्कच्या आडून ऐकतो, ते लहानांना झेपत नाही.

तुझ्या पिल्लाला निमोच. पाचवीत गेली की अप्पा बळवंत चौकातून वंडरचं पुस्तक आण.