नाताळ मेळावा, आरोग्य शिबिर की अभ्यासिका: मंडळीने गावासाठी आधी काय करावे?

खान्देशातील एखाद्या लहान ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे स्थानिक चर्चने, गावाशी असलेला संबंध वाढवायचे मनावर घेतले, की पंचांच्या बैठकीत बहुधा तीन योजना पुढे येतात: नाताळाचा सर्वांसाठी खुला मेळावा, आरोग्य शिबिर आणि चर्चच्या सभागृहात रोज चालणारी अभ्यासिका. तिन्ही करण्याजोग्या आहेत. परंतु पैसा आणि माणसे दोन्ही मोजकी असताना कोणती आधी हाती घ्यावी, याचे उत्तर भुसावळात एक येईल आणि धडगावच्या पाड्यावर दुसरे.

मेळावा सर्वांत सोपा आहे. नाताळ सर्वांना ठाऊक असतो, शेजाऱ्यांना बोलावणे करायला वेगळे निमित्त शोधावे लागत नाही, आणि मुलांच्या नाटिकेमुळे तरुण संघही कामाला लागतो. मात्र नंदुरबार जिल्ह्यात तारखेचा विचार करावाच लागतो. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातकडे जातात व त्यांतील बरीचशी होळीच्या सुमारास घरी येतात. त्यामुळे डिसेंबरात पाड्यावर मुख्यतः म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुलेच भेटतात. अशा ठिकाणी मांडवावरचा खर्च कमी करून त्या घरांची हिवाळाभर विचारपूस करणे मला अधिक मोलाचे वाटते. शहरी मंडळीने मेळावा जरूर घ्यावा, पण एका संध्याकाळच्या ओळखीकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आरोग्य शिबिराची गरज खरी आहे, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, जेथे भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. परंतु येथे जबाबदारीही सर्वांत मोठी आहे. रक्ताच्या प्राथमिक चाचणीत दोष दिसला, तरी तो माणूस केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे पुढच्या तपासणीनेच कळते. त्यानंतर औषधोपचार आणि लग्नापूर्वीचे समुपदेशन यांचा प्रश्न येतो. ज्या मंडळीजवळ हा पाठपुरावा करणारे कोणी नाही, तिने स्वतः शिबिर भरवण्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या तपासणीसाठी आपली जागा द्यावी आणि रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारा एक माणूस नेमावा.

एकच योजना निवडायची असेल, तर जळगाव, धुळे, भुसावळ किंवा अमळनेरसारख्या गावातील मंडळीला मी अभ्यासिकेचा सल्ला देईन. पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अनेक मुलामुलींच्या घरी शांत कोपरा मिळत नाही, आणि आपले सभागृह मात्र रविवारची उपासना आटोपली की आठवडाभर कुलपात असते. टेबले, खुर्च्या आणि पुरेसा उजेड यांची सोय होऊ शकते; खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते, जेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पंख्यातून झळाच येतात. कूलर आणि पिण्याचे गार पाणी नसेल तर मुले दुपारी येणार नाहीत. मुलींसाठी आतून कडी लागणारे स्वच्छ स्वच्छतागृह नसेल आणि अंधार पडण्यापूर्वी त्यांना निघता येईल अशी वेळ नसेल, तर त्यांचे आईवडील त्यांना पाठवणार नाहीत. किल्ली एकट्या पाळकसाहेबांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) ठेवली तर ते परगावी गेले की दार बंद राहते. म्हणून महिला मंडळ आणि तरुण संघ यांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

धर्मांतराची शंका तिन्ही योजनांबाबत घेतली जाऊ शकते आणि तिला उघडपणे सामोरे जावे. प्रवेशाला, औषधाला किंवा जेवणाला धर्माची कोणतीही अट नाही, हे फलकावर लिहावे. आसपासच्या शाळांतील एक-दोन शिक्षकांना, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, देखरेख समितीवर घ्यावे आणि जमाखर्च भिंतीवर लावावा. अभ्यासिकेच्या टेबलांवर सुवार्तेच्या पत्रिका ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी आपणहून आपल्या श्रद्धेविषयी विचारले तर मनापासून सांगावे, परंतु पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाला तो पाहुणचार फेडावा लागेल असे वाटता कामा नये.

यांपैकी काहीही निवडले तरी रविवारचे दार त्याआधी नीट करावे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. नवखा माणूस मागच्या बाकावर बसतो. केव्हा उभे राहायचे, गीताचा क्रमांक कोठे पाहायचा, प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) वेळी काय करायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याच्याजवळ बसून पुस्तक उघडून देणारा एक माणूस दर रविवारी ठरलेला असावा. प्रार्थना पुस्तकी मराठीतच व्हावी असेही नाही. धुळ्यात अहिराणी, नवापुरात मावची आणि धडगावात पावरी ऐकू आली, तर आजीबाईंनाही आपलेपणा वाटेल. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी येशूची भक्ती अभंग-ओव्यांत आणली आणि १९१७ साली ‘देवाचा दरबार’ सुरू करताना बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवले. मुक्ताईनगरच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या जळगावच्या शेजाऱ्याला असे अभंगांतले भजन परके वाटण्याचे कारण नाही.

अभ्यासिकेचा निर्णय झाल्यास उद्घाटनाची तारीख ठरवण्यापूर्वी वर्षभराचे वीजबिल बाजूला काढून ठेवावे. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती बंद पडली, तर मुलांचे नुकसान होईल आणि मंडळीच्या पुढच्या बोलावण्यावर गाव विश्वास ठेवणार नाही.